दोन वाट्यांमागचे हात

मंगळसूत्राच्या दोन वाट्या हलक्या करायच्या म्हटल्या तर दीड ग्रॅम सोन्यात होतात. सोनं तोलायची बी म्हणजे गुंज; गुंजांच्या हिशेबात साडेबाराच्या आत. कापसाचे पैसे हाती आले की लेकीच्या लग्नासाठी विदर्भातल्या खेड्यात आधी या वाट्या घडवायला टाकतात, मग काळी पोत, मग चांदीची जोडवी. बाकीचं पुढच्या पिकावर. एवढ्याशा वाटीवर कारागिराचं नाव नसतं. सरकारी ठसाही बहुधा नसतो, कारण २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या दुकानालाही त्यातून सूट आहे. खेड्यातला सोनार बहुतेक वेळा दोन्हींत बसतो. मग या वाटीच्या खरेपणाची हमी कुणाची? घडवणाऱ्या हाताची. आणि तो हात कुणीतरी घडवलेला असतो.

त्या माणसांचे आभार मानायचे तर त्यांनी काय दिलं ते नेमकं सांगायला हवं. ‘हात धरून शिकवलं’ एवढ्यात काही येत नाही. हात कुठे धरला, कशावरून मागे ओढला, कोणत्या क्षणी सोडून दिला, हे सांगितलं तरच त्यांचं देणं दिसेल. ‘गुरू’ हा शब्द आमच्या कामात फारसा येत नाही. कुठे ‘उस्ताद’ म्हणतात, कुठे नुसतं ‘काकाजी’.

काकाजींची पहिली शिकवण झाडूची. नव्या पोराला वाटतं, आपल्याला गड्याचं काम दिलं. पण सोनाराच्या बैठकीवरचा केर दारातून आत झाडायचा असतो, आतून बाहेर कधीच नाही. कानशीचा भुगा, कात्रीची कातरण, मुशीतून, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यातून, उडालेला कण, सगळं त्या धुळीत असतं. बैठकीवर चप्पल चालत नाही, हात धुवायचे ते बादलीतच, आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही. तळाचा गाळ साठवून ठेवायचा. भुग्यावरून आधी लोहचुंबक फिरवायचं, म्हणजे कानशीचं लोखंड निघतं. तसंच मुशीत गेलं तर सोन्यात कडक दाणे राहतात आणि पत्रा ओढताना नेमका तिथेच ओरखडा पडतो. राहिलेला केर झारेकरी विकत घेतात आणि धुऊन, गाळून, वितळवून त्यातलं सोनं काढतात. झारेकऱ्यालाही आम्ही शिकवणाऱ्यांत धरतो. तो केराला काय भाव देतो त्यावरून कळतं, तुमच्या हातून घट किती, म्हणजे सोनं वाया किती जातं. जास्त भाव आला तर मान खाली घालावी.

मग तांबं. तांब्याची तार ओढ, पत्रा काप, गोल काप, पुन्हा काप. तांब्यावर हात बसला की चांदी. चांदीला खामगाव जवळ. त्या बाजाराचं नाव चांदीच्या शुद्धतेवर उभं आहे, आणि वऱ्हाडातल्या कितीतरी पोरांनी झाळकाम, म्हणजे वितळत्या धातूनं जोड सांधायचं काम, शिकताना तिथलीच चांदी जाळली आहे. चांदी ९६२ अंशांना वितळते, पण खरी अडचण ती नाही. चांदी उष्णता लगेच सगळीकडे पसरवते. जोडावरच ज्योत धरून बसलात तर जोड तापत नाही आणि बाजूची कड वितळते. अख्खा डाग, म्हणजे दागिना, आधी तापवावा लागतो. हे चांदीवर ज्याला जमलं त्याला सोन्यावर फार समजवावं लागत नाही. म्हणून ज्या उस्तादांनी दोन-दोन वर्षं सोन्याला हात लावू दिला नाही, त्यांचा राग धरण्यात अर्थ नाही.

आता सोनं. १० ग्रॅम शुद्ध सोन्याचं २२ कॅरेट करायचं तर हिशेबानं ०.९०९ ग्रॅम हीण, म्हणजे मिसळायचं तांबं-चांदी, पडतं. तांबं जास्त झालं तर लाली येते, चांदी जास्त झाली तर रंग फिका, हिरवट पडतो. चांगला शिकवणारा ०.९०० वरच थांबायला सांगतो. पुढे वाटीला झाळ लागणार, ती झाळ कमी कसाची (कमी शुद्ध), म्हणजे तयार डागाचा कस किंचित खाली येणारच. त्याची भरपाई वितळवतानाच करून ठेवायची. गिऱ्हाइकाला हा फरक आयुष्यात कधी कळणार नाही. तरी तो करायचा. कुणी बघत नसताना हे नऊ मिलिग्रॅम ज्यांनी आमच्याकडून सोडवून घेतले, त्यांचं ऋण मोजायला तराजू नाही.

मुशीला आधी टाकणखाराचा (बोरॅक्सचा) मुलामा द्यायचा, नाहीतर कण मुशीला धरतात. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, हीण मिसळलेलं त्याच्या आधी. पृष्ठभाग आरशासारखा फिरायला लागला की ओतायचं. साचा कोमट हवा आणि त्याला तेलाचा हात हवा. थंड किंवा ओलसर साच्यात ओतलं तर वाफ धरून सोनं उडतं आणि डोळ्याशी येतं. पावसाळ्यात हे हमखास होतं.

जुनं सोनं वितळवताना एका गोष्टीवरून मार खाल्लेले कारागीर खूप आहेत. खेड्यात पोतेची कडी तुटली की कुणीतरी ती रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून कथलानं चिकटवून आणतो. त्या कथलात शिसं असतं. शिशाचा एवढासा अंश अख्ख्या गोळ्याला ठिसूळ करतो आणि पत्रा रोलरखाली जाताच काठानं बिस्किटासारखा तुटतो. म्हणून वितळवण्याआधी प्रत्येक जोड उजेडात धरून बघायचा. करडा ठिपका दिसला की तेवढा भाग कानशीनं काढायचा, आणि तो भुगा वेगळ्या डबीत. बाकीच्या भुग्यात मिसळला तर दुखणं पुढच्या डागात जातं.

मग ताव. पत्रा ओढताना सोनं कडक होत जातं. जाडी निम्म्यावर आली की ताव देऊन मऊ करायचं, नाहीतर काठ फुटतात. ताव किती द्यायचा ते रंगावर कळतं: अंधूक लाल, त्यापुढे नाही. हा रंग उन्हात दिसतच नाही. सोनाराच्या दुकानातला कोपरा अंधारा का असतो, याचं उत्तर हे आहे. दारात बसून ताव दिला की माणूस लाली दिसेपर्यंत तापवत राहतो आणि प्रत्यक्षात सोनं कधीच पुढे गेलेलं असतं. आतला कण फुगतो, आणि वाटी ठोकल्यावर पाठ संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत उठते. मग कितीही घासा. घासून सपाट कराल तर पत्रा पातळ होतो आणि वजन भुग्यात जातं. संत्र्याच्या मुलखात ही उपमा शिकवणाऱ्याला शोधावी लागत नाही. ‘पाय, रंग पाय,’ एवढंच काकाजी म्हणतात. हे ‘पाय’ म्हणजे पाहा. शेकडो वेळा ऐकल्यावर डोळ्याला ती लाली ओळखू येते, आणि मग थर्मामीटर दिलं तरी माणूस डोळ्यालाच विचारतो.

वाटीचं माप सोपं आहे. ८ मिलिमीटर व्यासाच्या अर्धगोलासाठी ११.३ मिलिमीटरची चकती लागते, पत्रा पाव मिलिमीटर जाडीचा. अशी एक चकती सुमारे ०.४४ ग्रॅम भरते. पितळी ठोकळ्यातल्या मोठ्या खळग्यात सुरुवात करून लहानाकडे जायचं. एकदम लहान खळग्यात ठोकली तर काठाला चुण्या पडतात.

आता रवे, म्हणजे वाटीच्या काठाभोवती बसवायच्या सोन्याच्या बारीक गोळ्या, आणि झाळ. सगळी विद्या इथे आहे, आणि शिकवणाऱ्याचा जीवही इथेच खालीवर होतो.

रवा करायला ०.३ मिलिमीटरची तार बरोबर एकेक मिलिमीटर लांबीची कातरायची, तुकडे कोळशाच्या वडीवर एकमेकांपासून लांब मांडायचे आणि ज्योत फिरवायची. वितळलेला तुकडा आपणहून गोळी होतो, अर्ध्या मिलिमीटरची. तुकडे सारखे तर रवे सारखे. एका वाटीच्या काठाभोवती खेटून बसवले तर पन्नासेक लागतात. ते चिकटवायचे कशानं? गुंज पाण्यात उगाळून. ज्या गुंजेनं पिढ्यान्पिढ्या सोनं तोललं, आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे म्हणजे ९६ गुंजांचा ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा, तिचाच लेप रवे जागेवर धरून ठेवतो आणि ज्योतीत जळून जातो. हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल, त्याला नमस्कार. गुंज विषारी असते. उगाळलेली वाटी पोरांच्या हाती लागू द्यायची नाही, हात धुतल्याशिवाय घास घ्यायचा नाही, बोटाला चीर असेल तर त्या दिवशी ते काम दुसऱ्यानं करायचं. लेप कसा करायचा त्याच्या आधी हे सांगणारा उस्तादच खरा.

झाळ म्हणजे तेच सोनं, त्यात चांदी, तांबं आणि किंचित जस्त वाढवून लवकर पाझरेल असं केलेलं. मध्ये बरीच वर्षं कॅडमियमची झाळ चालली, लोक तिला केडीएम म्हणत. ती गुळगुळीत वाहते, जोड दिसत नाही, काम भराभर उरकतं. पण कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. म्हणजे सोनं वितळण्याच्या कितीतरी आधी त्याचा धूर होतो आणि तो ज्योतीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत जातो. बंद खोलीत, लग्नसराईत, दिवसाला बारा तास. ज्या शिकवणाऱ्यांनी सोपं काम सोडून पोरांना जुन्या झाळीवरच ठेवलं, त्यांनी त्या पोरांची फुप्फुसं वाचवली. हे आजवर त्यांना कुणी म्हटलेलं नसेल, म्हणून इथे लिहून ठेवतो.

झाळीची कातरण अर्ध्या मिलिमीटरची, टाकणखार दगडावर पाण्यात उगाळून ताकासारखा. आता ज्योत. ओला टाकणखार एकदम तापवला तर ज्वारीच्या लाहीसारखा फुगतो आणि सगळे रवे उडवून लावतो. पन्नास रवे मांडायला गेलेला तास एका फुंकरीत जातो. म्हणून आधी लांबून, मऊ, पिवळट ज्योत. पाणी उडू द्यायचं, टाकणखार फुगून पुन्हा बसू द्यायचा, सरकलेले रवे चिमट्याच्या टोकानं जागेवर आणायचे. मग जवळ यायचं. टाकणखार काचेसारखा झाला की झाळ आता कधीही पाझरेल. ती नेहमी जास्त तापलेल्या बाजूला धावते, म्हणून ज्योत जाड भागावर ठेवायची, रव्यांवर नाही. पाझरते त्या क्षणी काठाभोवती एक चमक पळते. ज्योत तिथेच उचलायची. त्यानंतरचा एक श्वास जास्त झाला तर रवे वितळून सपाट होतात, वाटी कलते, आणि सकाळपासूनचं काम मुशीत जातं.

हा श्वास खरोखरीचा श्वास आहे. गॅसची ज्योत आणि पायाचा भाता आता सगळीकडे आले, तरी बाकनळी, म्हणजे ज्योतीवर तोंडानं फुंकायची नळी, ज्याच्या तोंडाला सवयीची आहे त्याची झाळ ओळखू येते. हवा छातीतून नाही, गालातून सोडायची. गाल फुगलेले ठेवून नाकानं श्वास घ्यायचा, ज्योत थरथरता कामा नये. सनईवाले हेच करतात. पाण्याच्या गिलासात नळी बुडवून बुडबुडे तुटू न देता किती वेळ राहता येतं ते बघावं. पाच मिनिटं जमलं तर नळी हातात धरायला हरकत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बैठकीवर पंखा नसतो, कूलरही नसतो, कारण वाऱ्यानं ज्योत हलते आणि टाकणखार कुंचल्यावरच वाळतो. पहाटे चारला उठून नऊपर्यंत झाळकाम उरकायचं, दुपारी कानस आणि हिशेब. हा दिनक्रमही कुणीतरी घालून दिलेला आहे. लग्नं उन्हाळ्यात असतात, घाई गिऱ्हाइकाला असते. ‘अबे, घाई तुले हाय, सोन्याले नाई,’ असं सांगणारा आवाज पाठीशी असावा लागतो.

वाटीच्या पाठीला चकती झाळून ती बंद करायची असेल तर आधी सुईच्या टोकाएवढं भोक पाडायचं. आतली हवा तापली की वाट शोधते. भोक नसेल तर डाग फोडते, आणि तो फुटतो झाळणाऱ्याच्या तोंडासमोर. झाळल्यावर टाकणखार आणि काळपटपणा काढायला डाग तेजाबात, म्हणजे आम्लात, घालतात, तेव्हा भोकातून तेजाबही आत जातो. वर धुतलं की स्वच्छ दिसतं, महिनाभरानं तोच तेजाब पाझरून पोतेचा रेशमी दोरा खातो. म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात डाग उकळायचा, दोनदा. तेजाबाच्या भांड्यात लोखंडी चिमटा घालायचा नाही, नाहीतर सोन्यावर तांब्याची लाली चढते. तेजाब पाण्यात ओतायचा. पाणी तेजाबात कधीच नाही. पूर्वी हे काम चिंच, तुरटी आणि मीठ उकळून होई. वेळ लागे, पण कुणाचा हात भाजत नसे. घरात लहान मुलं असलेल्या कारागिरानं आजही तेच करावं असं आमचं मत आहे.

पोकळ वाटी चेपू नये म्हणून आत लाख भरतात. पूर्व विदर्भात पळसावर धरलेली लाख विटेच्या बारीक पुडीबरोबर मळून, कोमट करून दाबायची. नुसती लाख उन्हाळ्यात मऊ पडते. लाख भरण्याआधी सोन्याचं वजन करायचं, चिठ्ठीवर लिहायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं. भरल्यानंतर वाटी जड लागते आणि तो जडपणा सोन्याचा नसतो. लबाडी करायची तर यापेक्षा सोपी जागा नाही, आणि म्हणूनच काकाजी आधी चिठ्ठी मागतात, मग लाखेला हात लावू देतात.

कसोटीचंही तसंच. डाग दगडावर घासला, रेघ नमुन्याच्या काडीशी जुळली, म्हणून सोनं खरं ठरत नाही. तेजाबातून निघालेल्या डागाच्या वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं, तिथे सोनं आतल्यापेक्षा चांगलं दिसतं. पहिली रेघ खोटी धरायची. नकोशा कोपऱ्यात कानशीचा एक हात मारून मग दुसरी रेघ ओढायची, आणि ती दिवसाच्या उजेडात बघायची, ट्यूबलाइटखाली नाही. तालुक्याला आता किरणांनी कस सांगणारी यंत्रं आली आहेत. चांगली आहेत, पण तीही वरवरचाच थर वाचतात. यंत्रावर डाग ठेवण्याआधी त्याला कानस लावा असं सांगणारा माणूस भेटला तर ओळखावं, त्याला कुणीतरी नीट शिकवलं आहे.

या शिकवणीत एक खाडा पडता पडता राहिला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. १४ कॅरेट म्हणजे शंभरात अठ्ठावन्नपेक्षा थोडे जास्त भाग सोनं, कडक आणि निस्तेज. लोकांनी ते मागितलंच नाही. देशभर सोनारांच्या शेगड्या थंडावल्या. २२ कॅरेटचे दागिने पुढे पुन्हा सुरू झाले, पण १९६८ च्या कायद्याचे परवाने आणि नोंदवह्या १९९० मध्ये तो रद्द होईपर्यंत राहिल्याच. त्या दिवसांत कुणी शेतावर रोजंदारीला गेलं, कुणी शहर गाठलं. जे चांदीची जोडवी आणि करगोटे करत तिथेच बसून राहिले आणि पोराला समोर बसवून नळी फुंकायला लावत राहिले, त्यांच्यामुळे आजच्या पिढीच्या हातात काही आहे. शिकवून पुढे काय मिळेल, हे त्यांना माहीत नव्हतं.

बैठकीबाहेरच्यांचंही देणं आहे. पटवेकरी पोत ओवून देतो आणि एका नजरेत सांगतो, कडीच्या भोकाची कड धारदार आहे, दोरा चार महिन्यांत तुटेल. भोकाला आतून तारेचा तुकडा फिरवून गोलाई द्यायची हे सोनाराला पटवेकऱ्यानं शिकवलं. नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात बसणाऱ्या बंगाली कारागिरांनी पातळ पत्र्यावर नाजूक तार कशी बसवायची ते दाखवलं. आणि कापूस वेचणाऱ्या बाया. दिवसभर वाकून वेचताना पोत पुढे लोंबते आणि रव्यांच्या फटीत कापसाचा तंतू अडकतो. ओढला की रवा निघतो. ‘सोनारबुवा, ह्ये टोचते अन् अडकते,’ असं त्या सांगतात, तेव्हा नक्षी कितीही देखणी असली तरी फटी झाळीनं भरून काढायच्या. कडीची तार ०.९ मिलिमीटरपेक्षा बारीक घ्यायची नाही, हेही त्यांच्या गळ्यातल्या झिजलेल्या कड्या बघूनच ठरलेलं माप आहे.

सगळ्यात शांत शिकवण तुटलेल्या डागातून मिळते. आजीची वाटी नातीच्या लग्नासाठी उजळायला येते. कडी झिजून केसाएवढी राहिलेली असते. पाठीची चकती उचलली, जुनी लाख कोमट करून काढली, की आतली बाजू पहिल्यांदा उजेड बघते. तिथे हातोडीचे घाव एकसारखे, काठापासून मध्याकडे फिरत गेलेले. झाळ कुठेही सांडलेली नाही, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं तिथेही. भोक बरोबर कडीच्या आड लपवलेलं. हे कुणी केलं ते गावात कुणाला सांगता येत नाही. अशा वाटीला आतून कानस लावायची नाही. घाव तसेच ठेवायचे. नवी कडी जुन्याच जागी, जुन्या झाळीपेक्षा लवकर पाझरणाऱ्या झाळीनं बसवायची, म्हणजे त्यांचा जोड हलत नाही. ज्योत कडीवर धरायची, रव्यांकडे पाठ करून. मग सोड्यात उकळायची, रिठ्यानं धुवायची, नवी लाख भरण्याआधी तराजूवर ठेवायची आणि चिठ्ठी लिहायची: आलं २.३१, झिजलेली कडी काढली ०.०६, नवी कडी ०.११, झाळ ०.०१, आता २.३७.